आधी फुकटचं बघ

गाडी सुरू होत नसली की आधी फुकटचं बघायचं, मग स्वस्तातलं, आणि महागातलं सगळ्यात शेवटी, तेही पगार झाल्यावर. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता. खारघरच्या सिडकोच्या इमारतींत वाढलेल्या आम्हा सगळ्यांना तो पाठ होता, कारण घरातली प्रत्येक वस्तू याच क्रमाने दुरुस्त होत आलेली होती. मिक्सर फिरेना? आधी पिन हलवून बघ. टीव्हीवर मुंग्या आल्या? आधी गच्चीत जाऊन अँटेना फिरव. इस्त्री तापेना? आधी वायर कुठे मोडलीय का ते चाचप. पांढरी मारुती आठशे त्या रांगेत शेवटी येऊन उभी राहिली, एवढंच.

फुकटचं म्हणजे काय काय? टाकीत पेट्रोल आहे का. जुन्या गाडीच्या काट्यावर विश्वास ठेवायचा नाही. दोघांनी दोन बाजूंना उभं राहून गाडी हलवायची आणि मागून डबडब ऐकू येतं का बघायचं. बॅटरीचं टर्मिनल ढिलं आहे का. एखादी वायर सुटून लोंबतेय का. फ्यूज उडालाय का. चोक ओढलेलाच राहिलाय का. यातलं काही निघालं की सगळ्यांचे चेहरे उजळत. स्वस्तातलं म्हणजे प्लग, पॉइंट, फॅनबेल्ट, पेट्रोल फिल्टर. आणि महागातलं? त्याचं नाव मोठ्या आजाराचं नाव घ्यावं तसं हळू आवाजात घेतलं जायचं. ‘हेड गॅस्केट तर नसेल ना गेलं?’ असं कुणी म्हटलं की काकू लगेच म्हणायच्या, ‘शुभ बोल रे नाऱ्या.’

खारघरला आम्ही आलो ते गिरगावातून, परळमधून, डोंबिवलीतून. घरकुल, स्पॅगेटी अशा नावांच्या वसाहती तेव्हा नव्या होत्या, त्यांच्या पलीकडे गवत होतं, आणि गवताच्या पलीकडे थेट डोंगर. रात्री उशिरा स्टेशनवर उतरलं की रिक्षा मिळाली तर मिळाली. चाळीत असताना ज्या माणसांनी गाडीचा विचारही केला नव्हता, त्यांना इथे आल्यावर गाडी गरजेची वाटू लागली. ती अर्थात जुनीच घेतली जायची, दुसऱ्या हातची नाहीतर तिसऱ्या. पाटीवर एमएच-06, म्हणजे पेणचं पासिंग. मुंबईचे नातेवाईक ती पाटी बघून ‘अरे, तुम्ही आता रायगडचे’ म्हणायचे, आणि आम्ही ‘हो, थेट राजधानीचे’ असं उत्तर द्यायचो.

14 डिसेंबर 1983 ला इंदिरा गांधींनी पहिल्या मारुतीची किल्ली हरपाल सिंग यांच्या हाती दिली, तेव्हा किंमत होती सुमारे 47 हजार 500 रुपये. आमच्या पार्किंगमध्ये ती पोचली तेव्हा तिचा तोंडवळा बदललेला होता, आणि तिच्या पहिल्या मालकाच्या मुलाचं लग्नही झालेलं असायचं. इंजिन मात्र तेच, 796 सीसीचं, तीन सिलिंडरचं. वजन साडेसहाशे किलोच्या आसपास. हा आकडा महत्त्वाचा, कारण एवढी गाडी दोन माणसं आणि एक उत्साही शाळकरी मुलगा सहज ढकलू शकत. डोंगराकडच्या सेक्टरांत रस्त्याला थोडा उतार, म्हणून जाणती माणसं रात्री गाडी लावतानाच तिचं तोंड उताराकडे करून ठेवत. सकाळी किल्ली फिरवायची, क्लच दाबून सेकंड टाकायचा, गाडी गडगडू द्यायची आणि क्लच सोडायचा. एक हिसका, एक ढेकर, आणि झालं सुरू.

मारुतीच्या आधीची पिढी फिएटची. ती पिढी म्हणजे आमचे आजोबा नाहीतर थोरले काका, आणि त्यांच्या लेखी मारुती हे पत्र्याचं खेळणं होतं. वालचंद हिराचंदांनी 1944 साली काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती फिएट तयार व्हायची. पुढे तिचंच नाव पद्मिनी झालं. गिअर स्टिअरिंगच्या दांड्याशी. मे महिन्यात बोरघाट चढताना ती मध्येच दम तोडायची, कारण उष्णतेने पेट्रोलची नळीतच वाफ व्हायची आणि पंप नुसताच हवा ओढत बसायचा. त्यावर काकांचा इलाज ठरलेला. पाण्यात भिजवलेला पंचा पिळून पंपावर टाकायचा, सगळ्यांनी उतरून दशम्या आणि लसणाची चटणी खायची, तोवर पंप गार होतो. शिंग्रोबाच्या देवळापाशी नाणं टाकल्याशिवाय घाट चढू नये, हा नियम त्यांनी आम्हालाही लावला. नाणं टाकूनही गाडी बंद पडली तर? ‘मग पंप बघायचा,’ काका म्हणायचे.

गाडी सुरू होत नाही, एवढ्याने काही कळत नाही. आमच्याकडे त्याचे प्रकार होते. ‘फिरतच नाही’, ‘फिरते पण धरत नाही’ आणि ‘धरते आणि सोडते’. वरच्या मजल्यावरून कुणी डोकावून विचारायचं, ‘काय म्हणतेय?’ आणि खालून उत्तर जायचं, ‘फिरतेय, धरत नाहीये.’ एवढ्यावर वरच्यांना कळायचं की बॅटरी ठीक आहे, भानगड पेट्रोलची नाहीतर ठिणगीची आहे, आणि चहा होईपर्यंत खाली जायला हरकत नाही.

फिरतच नसेल तर हेडलाइट लावून किल्ली मारायची. दिवे मिणमिणत विझले तर बॅटरी उतरलेली, नाहीतर टर्मिनलवर पांढरा-हिरवा क्षार साचलेला. त्यावर उकळतं पाणी, जुना टूथब्रश, आणि घासून लख्ख झालं की वरून पेट्रोलियम जेलीचा हात. दिवे तसेच भगभगीत राहून आतून नुसतं ‘टक्’ झालं, तर स्टार्टर अडकलेला. मग एकाने किल्ली मारायची आणि दुसऱ्याने स्टार्टरच्या अंगावर पान्याच्या मुठीने हलकेच ठोकायचं. हलकेच. जोर लावणाऱ्याला बाजूला काढलं जायचं.

सगळ्यात मजा प्लग काढण्यात होती. बॉनेट वर, तिन्ही वायरी ओढून बाजूला, आणि नळीचा पाना खाली घालून तो पहिला कचकन सुटण्याचा आवाज. प्लग बाहेर आला की तो आधी बोलायचा. टोक फिकट तपकिरी असलं की इंजिनाची तब्येत उत्तम. कोरडी काजळी धरली असली की पेट्रोल जास्त जातंय, एअर फिल्टर झटक, चोक पूर्ण बसतोय का बघ. काळं आणि वर तेलकट असलं की तेल वर चढतंय. हे महागातलं लक्षण, म्हणून प्लग पुसून निमूट परत बसवायचा आणि पगाराची वाट बघायची. पांढराफटक असला की इंजिन जास्त तापतंय. काजळी काचकागदाने काढायची, काचकागद नसला तर काडेपेटीच्या गुलाच्या बाजूने. मग दोन टोकांमधली फट. फीलर गेज ज्यांच्याकडे होतं ते अधिकारी. बाकीचे हॅकसॉचं तुटकं पातं घालून अंदाज घेत. फट मिलिमीटरच्या पाऊण भागाच्या आसपास आली की ‘बास, पुरे.’

शेवटी ठिणगी बघायची. प्लग वायरीला लावून इंजिनाच्या धातूवर आडवा ठेवायचा आणि ओरडायचं, ‘मार!’ निळी ठिणगी कडकडली की समाधान. पिवळी, मलूल असली की पॉइंट बघ, कंडेन्सर बघ. गाडी मिसिंग करत असली, म्हणजे तीनऐवजी दोनच सिलिंडरवर रडत चालली असली, तर चालू इंजिनात एकेक वायर काढून बघायची. वायर काढल्यावर इंजिन आणखी लंगडलं तर तो सिलिंडर काम करतोय. काही फरकच पडला नाही तर चोर तोच. या तपासात पायात रबरी स्लीपर आणि पक्कडीला रबराची मूठ असावी लागे. हे कळायला ज्याला त्याला एकदा शॉक बसावा लागला. तेवढा तो बसलाच.

आणि बॅटरी धरणारी मुलं. म्हणजे टॉर्च हो. एका पिढीचं यंत्रशास्त्र टॉर्च धरण्यात झालं. ‘मी बघतोय तिथे धर, तू बघतोयस तिथे नको.’ ‘हात हलतोय.’ ‘डोळ्यावर मारू नकोस.’ आमच्यातले जे पुढे इंजिनिअर झाले आणि जे झाले नाहीत, त्या सगळ्यांनी हे ऐकलं आहे.

खारघरच्या पावसाचं प्रकरण वेगळंच. डोंगर अडवतो म्हणून असेल, इथे पाऊस पडत नाही, ओततो. पांडवकडा कोसळायला लागला की तो बघायला मुंबईहून गाड्यांची रांग लागायची, आणि आमच्या गाड्या मात्र इमारतीखाली हटून बसलेल्या. मेकॅनिक ज्याला डेल्को म्हणतात त्या डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीत ओल शिरायची. ठिणगी प्लगपर्यंत जायच्या आत ओलीवरून पळून जायची. उपाय पुन्हा फुकटचा. टोपी काढा, कोरड्या सुती फडक्याने आतून पुसा, आणि अगदीच घाई असली तर वहिनींचा हेअर ड्रायर एक्स्टेन्शन बोर्डला लावून खाली आणा. वहिनी तो द्यायच्या, पण स्वतः सोबत यायच्या. ऑइलचे हात ड्रायरला लागू नयेत यासाठी.

2005 च्या 26 जुलैला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा आमच्या इमारतीतल्या काही गाड्या कामावर गेलेल्या होत्या. माणसं चालत परत आली, गाड्या मागाहून, टोचन लावून. त्या आठवड्यात फिएटवाल्या काकांचं ऐकणं कामी आलं. बुडालेल्या गाडीला किल्ली लावायची नाही, म्हणजे नाही. आधी तिन्ही प्लग काढायचे आणि मगच इंजिन फिरवायचं, म्हणजे सिलिंडरमधलं पाणी प्लगच्या भोकांतून उडून बाहेर पडतं. प्लग आत असताना फिरवलं तर पाणी दबत नाही, आतला दांडाच वाकतो. डिपस्टिकवर ऑइल दुधाळ दिसलं की सगळं काढून टाकायचं आणि नवं भरायचं. सीट काढून जिन्यात उभ्या केल्या होत्या, कारण ऊन नव्हतंच. गाड्या सुरू झाल्या. वास मात्र दिवाळीपर्यंत टिकला, आणि आत बसल्यावर जो तो शेजारच्याकडे संशयाने बघायचा.

पाऊस सरला की उंदीर. गवतातले उंदीर इंजिनाच्या उबेला येत आणि वायरी कुरतडून ठेवत. बॉनेटखाली तंबाखूच्या पुड्या आणि डांबराच्या गोळ्या बांधणं हा उपाय सगळ्यांनी केला. उंदरांना त्याचं फारसं काही वाटलेलं दिसलं नाही. सोबत खाडीची खारी हवा. फूटमॅट उचलला की तळाचा पत्रा चाळणी झालेला, आणि मागच्या सीटवरच्या मुलांना पायाखालून पळणारा सायन-पनवेल महामार्ग दिसायचा. मुलांना ते आवडायचं. आईला कळल्यावर कळंबोलीला नेऊन पत्रा मारून घेतला.

गाडीने घरातलं काय काय नेलं याची यादी आईकडे आहे, आणि ती अजून मागे घेतलेली नाही. दाढीचा ब्रश. दोन नरसाळी, त्यातलं एक रॉकेलचं आणि एक चांगलं; गेलं ते चांगलं. बाबांचं सुती धोतर, ज्याची पुढे सहा वर्षं फडकी पुरली. हळदीची पुडी, कारण रेडिएटरला बारीक गळती लागली की पाण्यात हळद सोडायची, ती भेगेत जाऊन बसते आणि गाडी घरापर्यंत येते. कपड्याच्या साबणाची वडी, कारण पेट्रोलच्या टाकीला ओल दिसली की त्यावर साबण रगडायचा; पेट्रोल साबण विरघळवत नाही. अर्धा बटाटा, कारण वायपर निकामी असताना काचेवर बटाटा फासला की पाणी ओघळून जातं आणि थोडा वेळ तरी समोरचं दिसतं. ‘भाजीला बटाटे आणलेत की काचेला?’ हा प्रश्न जूनमध्ये सुरू व्हायचा.

हत्यारांचा डबा सामाईक नव्हता, पण झाला होता. बिस्किटांचा जुना चौकोनी पत्र्याचा डबा. त्यात दहा-बाराचा पाना, बारा-तेराचा, चौदा-पंधराचा, प्लगचा नळीचा पाना, एक पक्कड, दोन पेचकस, काळी टेप, तांब्याच्या तारेचं भेंडोळं, एम-सीलची अर्धी कांडी, फ्यूजची डबी, सायकलच्या ट्यूबचे कापलेले तुकडे आणि कशाचे हे कुणालाच माहीत नसलेले नटबोल्ट. ते फेकायचे नाहीत. खंडेनवमीला डबा घासूनपुसून पाटावर यायचा. पान्यांना हळदकुंकू, पक्कडीला झेंडूचं फूल. दुसऱ्या दिवशी गाडीला हार, चारी चाकांखाली लिंबं, आणि लिंबं चिरडून गाडी जेमतेम गेटपर्यंत गेली की पेढा. डबा कुणीही नेऊ शकत होतं, फक्त सांगून. सांगायचं कुणाला, हे ठरलेलं नव्हतं.

घाटात गाडी तापण्यावरही घरगुती तोड निघाली होती. मारुतीचा रेडिएटरचा पंखा विजेवर चालतो आणि पाणी ठरावीक तापलं की एक स्विच तो आपोआप सुरू करतो. तो स्विच म्हातारा झाला की पंखा सुरू व्हायचाच नाही. नवा स्विच स्वस्तातला, पण त्याहून फुकटाचा मार्ग म्हणजे घरातल्या दिव्याचं जुनं बटण डॅशबोर्डखाली बसवायचं आणि वायर पंख्याला थेट द्यायची. मग खोपोली सोडली की मागून सगळे एका सुरात, ‘पंखा लावलात का?’ ज्यांच्या गाडीत हीटर होता ते मे महिन्यात घाटात हीटर लावत, म्हणजे इंजिनाची थोडी उष्णता आत खेचली जाई. इंजिन वाचायचं. माणसं उकडून निघायची. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही, हे मात्र प्रत्येक घरात एकेका मुलाला ओरडून शिकवलेलं.

सगळंच गोड होतं असं नाही. नळी तोंडाने ओढून पेट्रोल काढणं हा मूर्खपणा होता, आणि तो शहाण्यासुरत्या माणसांनी केला. ब्रेकला आम्ही हात लावायला नको होता. व्हील सिलिंडर गळत असताना नुसतं ब्रेक ऑइल भरत राहणं हे ‘स्वस्तातलं’ नव्हे, नशिबावर हवाला होता. यंत्र घरी उघडण्याचं कौतुक करणाऱ्यांनी ब्रेक आणि स्टिअरिंग त्यातून वगळावं, असं माझं मत आहे. तेवढ्यासाठी कळंबोलीत मेकॅनिक होते. ट्रक टर्मिनलच्या आसपासचे, दहाचाकी ट्रक उघडणारे, आणि आमची मारुती बघून हसणारे. त्यांतला चांगला कोण, हे ओळखायची खूण एकच. जो शेजारी उभं राहू देतो तो चांगला. ‘साहेब, तुम्ही चहा पिऊन या’ म्हणणारा नको.

सुटे भाग मात्र कुर्ल्याचे. सीएसटी रोडवर जुन्या गाड्यांचं जे काही हवं ते मिळायचं. दार मिळायचं, काच मिळायची, दाराचा एकटा दांडा मिळायचा. काकांना तिथे फिरताना भरून यायचं, कारण फिएट जिथे जन्मली त्याच कुर्ल्यात तिचे तुकडे विकायला मांडलेले. नमुना म्हणून तुटलेला भाग रुमालात बांधून न्यायचा, किंमत ऐकून चालायला लागायचं, आणि मागून हाक येईपर्यंत वळायचं नाही. हार्बर लाइनने परत येताना मांडीवर सायलेन्सर घेऊन बसलेला माणूस दिसला तर डब्यात कुणाला नवल वाटत नसे.

आणि वही. शंभर पानी, निळ्या रेघांची. तारीख, किलोमीटर, किती लिटर, काय काम, किती पैसे. ‘ऑइल बदललं.’ ‘फॅनबेल्ट, जुना डिकीत ठेवला.’ ‘मिसिंग. दोन नंबरचा प्लग.’ ‘अप्पांच्या गाडीला टोचन दिलं, पेट्रोल त्यांनी टाकलं.’ घरातली लग्नं, आजारपणं, गणपतीला गावी जाणं, सगळं त्या वहीत पेट्रोलच्या हिशेबात नोंदलेलं आहे. चिपळूणची खेप कुठल्या साली झाली यावर वाद झाला, की आजही वहीच काढतात.

2000 च्या सुमारास एमपीएफआय आलं आणि कार्ब्युरेटर गेला. चोकची मूठ गेली, पॉइंट गेले, डॅशबोर्डवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा आला. तो लागला की बॉनेट उघडून बघण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं; तरी आम्ही उघडायचो. बॅटरीचं टर्मिनल काढून पुन्हा लावलं की दिवा कधीकधी जायचा, मग परत यायचा. गाड्या बिघडायच्याही कमी, हे कबूल करायला हवं. 2014 च्या जानेवारीत मारुती आठशेचं उत्पादन थांबलं. पद्मिनीच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीही 2023 च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यावरून गेल्या, आणि त्याच नोव्हेंबरात आमच्याकडे बेलापूर-पेंधर मेट्रो धावू लागली. पंधरा वर्षांचं पासिंग, मग पाच वर्षांचं, वर हरित कर, असं करत आमच्या आवारातल्या आठशे एकेक करून गेल्या. काही भंगारात, एक गावी कोकणात, आणि एक तळोज्याच्या एका तरुणाने हौसेने नेली. तो अधूनमधून फोन करून विचारतो की गार असताना धरत नाहीये, काय बघू.

इमारत पुनर्विकासाला द्यायची चर्चा सुरू झाली तेव्हा मीटरच्या खोलीत तो पत्र्याचा डबा सापडला. वाटणी तिथल्या तिथे झाली. पक्कड वॉचमनने मागितली, त्याला दिली. प्लगचा पाना एका पुतण्याने नेला, त्याच्याकडे जुनी मोटारसायकल आहे. त्याला तो लागणार नाही हे सगळ्यांना दिसत होतं, पण कुणी बोललं नाही. एम-सील दगड झालेलं. नटबोल्ट आईने घेतले, असू देत म्हणून. दहा-बाराचा पाना डब्यात नव्हता. तो कुणाकडे आहे यावर सोसायटीच्या सभेत अजून दोन तट आहेत.